उभ्या गाडीचे पैसे

बरेच महिने काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही. एकच विषय डोक्यात होता आणि लिहायला बसलं की नुसती चिडचिड उतरायची, म्हणून पुसून टाकायचो. आज घरी आहे, दोन रात्री स्वतःच्या पलंगावर झोप झालीय, डोकं जरा ठिकाणावर आहे. तेव्हा लिहूनच टाकतो.

प्रश्न साधा आहे. ट्रक सोडावा की सोडू नये?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००९ च्या मंदीत माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी हातात पडलं होतं म्हणून परत जावं लागलं नाही. तीन-चार वर्षं इकडेतिकडे काढली आणि २०१३ मध्ये सीडीएल, म्हणजे अवजड वाहनांचा परवाना काढला. तेव्हापासून ओहायोतून पश्चिमेकडे रीफर नेतो. रीफर म्हणजे थंड ठेवलेला ५३ फुटी ट्रेलर. आत मांस, चीज, भाज्या, आइस्क्रीम, जे काही नासणारं असेल ते. महाराष्ट्र मंडळात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका काकूंनी "म्हणजे लॉजिस्टिक्समध्ये आहेस का?" असं तीनदा विचारलं. मी तीनदा "ट्रक चालवतो" म्हणालो. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "हो, तेच ते." :-)

पैसा चांगला आहे, हे आधीच कबूल करतो. वर्षाला ६७-६८ हजार डॉलर पडतात. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अवजड ट्रक चालवणाऱ्यांचा मधला पगार ५७,४४० डॉलर होता, म्हणजे निम्मे त्याच्या वर आणि निम्मे खाली. मी वरच्या निम्म्यात आहे. ह्याच पैशावर घराचे हप्ते गेले, आण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, मुलीच्या कॉलेजसाठी थोडं बाजूला पडलं. नोकरी नसताना माणूस आरशात बघायचं टाळतो, तो काळ ह्याच गाडीने संपवला. त्यामुळे तिला नावं ठेवणं जिवावर येतं.

लोकांना वाटतं ड्रायव्हिंगचा कंटाळा आला असेल. अजिबात नाही. उलट गाडी हलती असते तोवर मी सुखी असतो. नेब्रास्कात आय-८० प्लॅट नदीच्या कडेकडेने जातो. मार्चमध्ये त्या पात्रात लाखो क्रौंच उतरतात. पहाटे खिडकी चार बोटं खाली केली की इंजिनाच्या आवाजावर त्यांचा कलकलाट ऐकू येतो. पुढे वायोमिंगमध्ये शायेन सोडलं की चढ लागतो आणि ८,६४० फुटांवर, ह्या संपूर्ण रस्त्याच्या सगळ्यात उंच जागी, लिंकनचं भलंमोठं डोकं दगडी चौथऱ्यावर ठेवलेलं दिसतं. तिथून लॅरमीकडे उतरताना वारा रिकाम्या ट्रेलरला कसा ढकलतो ते सांगून समजायचं नाही. रस्ता बंद होतो, बर्फ असतो, कधी पोटात गोळा येतो. पण तो त्रास माझा आहे, माझ्या कामाचा आहे. त्याची तक्रार मी कधी केली नाही आणि करणारही नाही.

तक्रार आहे ती उभ्या गाडीची.

ह्या जानेवारीतली गोष्ट. किराणा मालाच्या एका मोठ्या गोदामात सकाळी ६ ची वेळ दिलेली. मी ५:४० ला गेटवर. आत घेतलं, एका कडेला लावायला सांगितलं, फोन करू म्हणाले. फोन आला ११ ला. डॉकला मागे लावली. माल उतरवायला लागले दुपारी २ नंतर, कारण मधे त्यांची शिफ्ट बदलली. साडेचारला कागद हातात आले. अकरा तासांत मी गाडी सगळी मिळून तीनशे फूट चालवली असेन. बाथरूम विचारलं तर ड्रायव्हरांसाठी बाहेर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या संडासाकडे बोट दाखवलं. बाहेर उणे १४ सेल्सियस होतं. आणि कागद देताना खिडकीतली मुलगी, वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल, म्हणाली, "इथे थांबता येणार नाही हं, गाडी बाहेर काढा."

आता ह्यातली मेख ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आम्हाला दिवसात ११ तास गाडी चालवता येते, पण ती कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. मग १० तास सक्तीची विश्रांती. हे १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही चालवा किंवा डॉकवर माश्या मारा, ते पळतच राहतं. सप्टेंबर २०२० पासून थोडी सवलत मिळाली आहे. विश्रांतीचे दोन तुकडे पाडून, बर्थमध्ये पडून राहिलात तर घड्याळ थांबवता येतं. पण त्यासाठी किती वेळ थांबायचंय ते आधी कळायला हवं, आणि गोदामवाले तेच सांगत नाहीत. पूर्वी कागदी लॉगबुक होतं, त्यात लोक हवं ते लिहायचे. जुने ड्रायव्हर त्याला कॉमिक बुक म्हणायचे ते उगाच नाही. डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. मी त्याच्या विरोधात नाही. झोपेत गाडी चालवणारे कमी झाले असतील तर चांगलंच आहे. पण यंत्राने फक्त माझं घड्याळ खरं केलं, गोदामाचं घड्याळ कुणीच तपासलं नाही.

त्या दिवशी ड्रायव्हिंगचे बहुतेक सगळे तास शिल्लक होते आणि घड्याळाचे जेमतेम तीन. संध्याकाळी सहानंतर ट्रक स्टॉपवर जागा मिळणं म्हणजे दिवाळीत दादर स्टेशनबाहेर गाडी लावण्यासारखं आहे. दोन ठिकाणी फिरलो, भरलेली. शेवटी हायवेच्या उतारावर, उजव्या कडेला, दिवे लावून झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. दर मोठ्या गाडीसरशी केबिन हलायची. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात एक ड्रायव्हर माल उतरवायच्या वेळेच्या आधी पोचला म्हणून एका बंद पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या नावाने २०१२ मध्ये ट्रकच्या पार्किंगबद्दलचा कायदा झाला, जेसन्स लॉ. कायदा झाला, पण जागांची टंचाई आहे तशीच आहे. पडल्यापडल्या मला दर वेळी तो आठवतो. हे बायकोला आजवर सांगितलेलं नाही, आता वाचेल.

त्या अकरा तासांचे मला किती मिळाले? शून्य. आम्हाला मैलावर पैसे. पहिले दोन तास थांबणं फुकट, असा इथला रिवाजच आहे. त्यानंतर ताटकळवल्याचे पैसे कंपनीने गोदामाकडे मागायचे आणि मिळाले तर त्यातले थोडे ड्रायव्हरला. मोठं गिऱ्हाईक असलं की कंपनी मागतच नाही. डिस्पॅचरला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "मी काय करू, उद्या त्यांनी लोड दुसऱ्याला दिले तर?" त्याचंही बरोबर आहे. ह्या सगळ्या साखळीत प्रत्येकाचं बरोबर असतं आणि वेळ मात्र माझा जातो.

हे कुणा एका दुष्ट माणसाचं काम नाही. १९३८ च्या कामगार कायद्यात आठवड्याला ठरावीक तासांवर दीडपट पैसे द्यायची तरतूद आली, त्यातून आंतरराज्य ट्रक ड्रायव्हर वगळले गेले, ते आजही वगळलेलेच आहेत. १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी ट्रक वाहतूक खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. दर उतरले, कंपन्या वाढल्या, गिऱ्हाइकाचा फायदा झाला. दुकानातलं दूध त्यामुळेही स्वस्त आहे, आणि ते मीही पितो. पण ज्याचा वेळ फुकट, त्याला ताटकळत ठेवायला कुणाचं काय जातं? डॉकवर आणखी दोन माणसं ठेवायची तर पगार द्यावा लागतो. बाहेर वीस ट्रक उभे ठेवायला काही लागत नाही. अमेरिकन वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१८ चा अहवाल आहे. त्यांनी हिशेब मांडला की थांबण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढली की अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. उघड आहे. सकाळचे तास डॉकवर गेले की माणूस रात्री घाई करतो.

आमचे आण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते, सांगली विभागात. २००४ ला रिटायर झाले. त्यांना ही भानगड समजावून सांगितली तर त्यांना पटेचना. "मंजी डेपोत थांबलं तर पगार न्हाई?" डेपोत हजेरी लावली की त्यांची ड्युटी सुरू व्हायची. गाडी नादुरुस्त होऊन दिवसभर उभी राहिली तरी हजेरी लागायची. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि वर झालं तर दुप्पट दर असायचा. (आपल्याकडच्या ट्रकवाल्यांच्या वाट्याला हा कायदा किती आला ते विचारू नका. तो वेगळा आणि जास्त वाईट विषय आहे.) पगार लहान होता. एस.टी.चा पगार किती असतो हे २०२१-२२ च्या संपात सगळ्या महाराष्ट्राला कळलंच. पण थांबणं हेही कामच आहे, एवढं त्या लहान पगाराला माहीत होतं.

मग मी एक उद्योग केला. टेस्टिंगमधला माणूस, सवय जात नाही. शेवटच्या खेपेचं लॉग काढून वही घेऊन बसलो. २१ दिवस बाहेर, मग ३ दिवस घरी, असा माझा क्रम. त्या २१ दिवसांत ७,३५० मैल झाले. मैलाला ६० सेंट, म्हणजे ४,४१० डॉलर. ताटकळल्याचे ९० मिळाले. एकूण ४,५००. गाडी चालवली १३५ तास. तपासणी, डिझेल, कागदपत्रं वगैरे २२ तास. आणि डॉकवर नुसतं थांबणं ६१ तास.

नुसते चालवण्याचे तास धरले तर ताशी साडेबत्तीसच्या वर. हा आकडा कंपनीच्या जाहिरातीला शोभतो. सगळं काम धरलं तर २१८ तास, म्हणजे ताशी २० डॉलर ६४ सेंट. घराबाहेरचे सगळे ५०४ तास धरले तर ताशी ९ सुद्धा पडत नाहीत. शेवटचा हिशेब थोडा रडीचा आहे, मान्य. झोपेचे पैसे कुणी कुणाला देत नाही. पण मधला हिशेब रडीचा नाही. "चांगला पगार" म्हणून मी जो बारा वर्षं मिरवतोय, तो चांगला दिसतो कारण मी तास मोजतच नव्हतो. एका माणसाच्या दीड नोकरीचा तो पगार आहे.

तरी वहीत ही बेरीज मांडून मी नोकरी सोडायला निघालो असतो असं वाटत नाही. बेरीज वेगळ्याच कागदाने केली.

लेक साडेपंधरा वर्षांची झाली आणि तिने शिकाऊ परवाना काढला. ओहायोत अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना पक्का परवाना हवा असेल तर आईवडिलांबरोबर ५० तास गाडी चालवावी लागते, त्यातले १० तास रात्रीचे. मग पालकाने तसं शपथेवर लिहून द्यायचं. ती सगळ्या मैत्रिणींना सांगत होती की मला काय, माझा बाबा तेरा लाख मैल चालवलेला माणूस आहे. फ्रिजवर तिने तासांचा तक्ता लावला होता, दोन रंगांत, आईचा हिरवा, बाबाचा निळा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी घरी आलो तेव्हा तो पाहिला. हिरवे ४६, निळे ४. आणि बायको कोण, तर जिला हायवेवर गाडी घालायची म्हटलं की आदल्या रात्रीपासून झोप येत नाही. तिने हिला बर्फात ब्रेक कसा लावायचा ते शिकवलं. मी त्या वेळी कुठल्यातरी डॉकवर फोनची वाट बघत होतो.

कागदावर सही बायकोने केली. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे ऐकून सल्ले दोन प्रकारचे आले. एक, "मन लागत नाही ना, मग सोडून दे, आयुष्य एकदाच मिळतं." हे म्हणणारे सगळे पगारी सुट्टीवर असताना म्हणतात. मला हा सल्ला बेजबाबदार वाटतो. मन लागत नाही हे नोकरी सोडायचं कारण असेल तर जगातली निम्मी कामं आज दुपारी बंद पडतील. मन लागण्यासाठी मी ट्रक घेतलाच नव्हता, हप्ते भरण्यासाठी घेतला होता. दुसरा सल्ला आपल्याकडचा, "हातची नोकरी सोडू नये." मामा, काका, आणि सुरुवातीला आण्णाही, सगळे ह्याच बाजूचे. ह्यात शहाणपण आहे. पण हातचं म्हणजे किती हातचं? २०२३ च्या ऑगस्टमध्ये यलो ही १९२४ सालची ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तीस हजार लोकांच्या हातचं एकदम गेलं. एका मित्राने तिसरंच सुचवलं, स्वतःचा ट्रक घे, मालक हो. म्हणजे तेच थांबणं, वर हप्ता माझा!

माझं मत असं झालंय की सोडायचं की नाही हा प्रश्न वर्षाच्या पगारावर सोडवायचाच नाही, तासावर सोडवायचा. आणि रागाच्या दिवशी तर मुळीच नाही. त्या जानेवारीच्या रात्री चावी काढून, ट्रक तिथेच सोडून बसने घरी जावं असं शंभरदा वाटलं. भरलेली गाडी वाटेत सोडली तर ती नोंद ह्या धंद्यात वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. ते कळत होतं म्हणून नाही गेलो, शहाणा आहे म्हणून नाही.

ज्याचं लग्न व्हायचंय, ज्याच्या डोक्यावर नवं कर्ज आहे, त्याला मी आजही सांगेन, चार वर्षं कर, पैसा साठव, नेब्रास्कातले पक्षी बघ. माझं गणित आता वेगळं आहे. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. म्हणजे अशाच माझ्या तीस खेपा. खेपेला तीन दिवस घरी, एकूण नव्वद दिवस. हा आकडा मी वहीत लिहिला आणि वही मिटली.

तर ठरलंय. आमच्या काउंटीच्या सिटी बस सेवेत ड्रायव्हर हवे आहेत. सुरुवातीला ताशी २६ डॉलर, थांब्यावर उभं राहिलं तरी. जादा तासांचे दीडपट. वर्षाचे ५४ हजार होतील, म्हणजे साडेतेरा हजारांचा खड्डा. त्यातला थोडा बायकोचे फार्मसीतले तास वाढले तर भरेल, थोडा भरणार नाही. यंदाचं भारतात येणं बहुतेक रद्द, आईला हे अजून सांगायचंय. आणि बस म्हणजे स्वर्ग नाही हेही माहीत आहे. नव्या माणसाला सगळ्यात वाईट पाळ्या. सकाळी चार तास, मधे रिकामे चार, पुन्हा संध्याकाळी चार. प्रवाशांच्या शिव्या खायच्या त्या वेगळ्याच. रीफरमधली कोंबडी निदान उलट बोलत नाही. बारा वर्षं एकट्याने चालवल्यावर मागे चाळीस माणसं सहन होतील का, हे सुद्धा बघायचंय.

परवानगीपत्रावर प्रवासी वाहनाचा शिक्का लागतो, त्याची लेखी परीक्षा आहे. लेक माझी उजळणी घेतेय आणि तिला त्यात नको तितका आनंद होतोय. काल दार बंद करण्याआधी आरशात कुठे बघायचं ते मी चुकलो तर म्हणाली, "बाबा, तेरा लाख मैल?"

परवा एक शेवटचा लोड रीनोला न्यायचा आहे. परत आलो की दोन आठवड्यांची नोटीस देईन. पत्र लिहून ठेवलंय, चार ओळींचं, रागाचा एकही शब्द नाही. पहिलं लिहिलं होतं ते दोन पानी होतं.

काल रात्री आण्णांना फोन केला. बस म्हटल्यावर बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल, पोराला अमेरिकेला पाठवला आणि शेवटी आपलंच काम. मग म्हणाले, "मुक्कामी गाडी हाय का तिथं?"

म्हटलं, नाही आण्णा, रोज रात्री घरी.

"मग बरं हाय," म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.